अर्ध्या मोसमाची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवी माणूस. आजवर मला कवितेवर बोलायला बोलावलं गेलं, मराठी आणि उर्दूच्या नात्यावर बोलायला बोलावलं गेलं, ईद आली की हमखास सणावर बोलायला बोलावलं गेलं. या वेळी विषय मीच निवडायचा होता. मी फुटबॉल म्हटलं आणि क्लबचं नाव सांगितलं, कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. समोरचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "नावामुळे का?"

थोडं नावामुळे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि थोडं अब्बांमुळे.

मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप भरायचा, हे आता तरुणांना मुद्दाम सांगावं लागतं. १८९१ पासूनची ही स्पर्धा. २०००-०१ नंतर ती झालीच नाही. मोहमेडनने ती सहा वेळा जिंकली, शेवटची १९८७ साली. त्याआधी १९८४च्या स्पर्धेत त्यांचा एक सामना मी अब्बांबरोबर पाहिला. अंतिम सामन्याचं तिकीट आम्हाला मिळालं नव्हतं, हा त्याआधीचा. अब्बा गोदीत कारकून होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. कागदाच्या पुडीत फुटाणे होते आणि त्यांची एक अट होती, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मला बसची गर्दी दिसत होती. शेवटची दहा मिनिटं मी नुसता चुळबुळत होतो आणि अब्बांचा हात माझ्या मनगटावर होता. त्या दिवशीच्या खेळातलं मला फारसं आठवत नाही. तो हात आठवतो.

पुढे अब्बा गेले, रोव्हर्स बंद झाली आणि मीही हा क्लब विसरलो. याचा हिशेब नंतर द्यावा लागला, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

या क्लबविषयी थोडं सांगायला हवं. स्थापना १८९१ची. कोलकात्याची फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं ती गोऱ्यांच्या क्लबांकडे किंवा पलटणींच्या संघांकडेच राहिली. मोहन बागानने १९११ साली अनवाणी पायांनी आयएफए शील्ड जिंकली, पण लीग त्यांनाही तोवर मिळाली नव्हती. लीग म्हणजे महिनोन्महिने रोज चूल पेटवणं. एखाद्या दिवशी मेजवानी घालणं त्या मानाने सोपं. मोहमेडन १९३३ साली दुसऱ्या विभागातून वर आला आणि १९३४ साली, पहिल्या विभागातल्या पहिल्याच वर्षी, त्याने लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं कोणी ती त्यांच्याकडून काढून घेऊ शकलं नाही.

हे नुसत्या जोशावर झालं नाही. क्लबच्या कारभाऱ्यांनी देशभरातून खेळाडू गोळा केले होते. कोलकात्यात लीग पावसाळ्यात चालते. अनवाणी खेळणारे भारतीय खेळाडू चिखलात घसरायचे आणि बूट घातलेले गोरे पाय रोवून उभे राहायचे. या संघाने ओल्या मैदानावर बूट घालायचं ठरवलं. एवढी साधी गोष्ट, पण ती करायला कोणाला तरी सुचावं लागतं आणि खेळाडूंना तिचा सराव करावा लागतो. समद, जुम्मा खान, रशीद ही त्या काळातली नावं. सलीम नावाचा त्यांचा एक खेळाडू १९३६ साली थेट स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबकडून पायाला पट्ट्या बांधून, बुटांशिवाय खेळला. १९४० साली मोहमेडनने रोव्हर्स आणि ड्युरंड दोन्ही कप नेले. त्या विजयांना त्या काळच्या राजकारणाने आपापले रंग दिले, तो इतिहास कडू आहे आणि आजचा आपला विषय तो नाही.

नंतर उतार लागला. १९८१ साली जिंकलेली कोलकाता लीग पुन्हा मिळायला २०२१ साल उजाडलं. चाळीस वर्षं! मधल्या काळात क्लब राष्ट्रीय पातळीवर वरखाली होत राहिला. मग एप्रिल २०२४ मध्ये शिलाँग लाजाँगला २–१ हरवून मोहमेडनने आय-लीग जिंकली आणि देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, त्याला जागा मिळाली.

ती बातमी वाचली त्या दिवशी मी एकदम मोहमेडनवाला झालो. १९३४ साली खालून वर आलेल्या संघाने पहिल्याच वर्षी लीग जिंकली होती, आणि बरोबर नव्वद वर्षांनी संघ पुन्हा खालून वर आला होता. कवीला यापेक्षा जास्त काय हवं? मी मनातल्या मनात ओळी जुळवायला लागलो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मोसम सुरू झाला आणि ओळी जुळेनात. पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडशी. भरपाईच्या वेळेत गोल खाल्ला, ०–१. दुसरा गोव्याशी. आलेक्सिस गोमेझने पेनल्टीवर आघाडी मिळवून दिली आणि पुन्हा भरपाईच्या वेळेतच गोव्याने बरोबरी केली. तिसऱ्या सामन्यात चेन्नईयिनला १–० हरवलं. गोल मिझोरामच्या लालरेमसांगा फनाईचा. त्या रात्री मी घरात सर्वांना मिठाई वाटली. बायको म्हणाली, कप मिळाला का? मी म्हटलं, नाही, तीन गुण मिळाले. ती मिठाई जरा लवकर झाली, कारण पुढच्या नऊ सामन्यांत एकही विजय नव्हता.

डिसेंबर २०२४ मध्ये एका बहुभाषी कविसंमेलनासाठी मी कोलकात्याला गेलो. कविता वाचून झाल्या. २४ तारखेची सकाळ मोकळी होती, म्हणून धर्मतल्ल्याहून चालत मैदानाकडे निघालो. मैदान म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेली अफाट हिरवळ. कोलकात्याच्या जुन्या क्लबांचे तंबू तिथेच आहेत. तंबू हा शब्द जुना, आता त्या पक्क्या इमारती आहेत. मोहमेडनचा तंबू पाहायचा, फाटकापाशी थोडं उभं राहायचं आणि परत यायचं, एवढाच माझा बेत होता.

जवळच एका चहावाल्यापाशी चारजण उन्हात बसले होते. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, उर्दू वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. त्यांना सगळे चाचा म्हणत होते. त्यांच्या मुलीची मुलगी, कॉलेजात शिकणारी. तोपसियात चामड्याच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात कटिंगचं काम करणारा एक तरुण. आणि ट्रामचे एक निवृत्त कंडक्टर, बंगाली हिंदू, स्वेटर आणि माकडटोपी घातलेले. ते संत्रं सोलत होते. मी मुंबईचा आणि मोहमेडनचा चाहता असं सांगितल्यावर त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे केलं. म्हणाले, "घ्या. तुमच्याकडचंच आहे, नागपूरचं. दार्जिलिंगचं महाग झालंय."

चाचांच्या मांडीवर एक वही होती. दोन दिवसांपूर्वी, २२ डिसेंबरला, केरळ ब्लास्टर्सने कोचीत मोहमेडनला ३–० हरवलं होतं. बारा सामने झाले होते. स्पर्धेत तेरा संघ, प्रत्येकाचे चोवीस सामने, म्हणजे मोसम बरोबर अर्धा सरला होता. चौघं त्याचाच हिशेब करायला जमले होते. बोलणं हिंदुस्तानीत आणि बंगालीत चाललं होतं, मी इथे मराठीत सांगतो.

हिशेब सोपा होता. बारा सामने, विजय एक, बरोबरी दोन, पराभव नऊ. गुण पाच. तेरा संघांत तेरावा नंबर.

नात म्हणाली, "नाना, पण खेळ इतका वाईट नाही." तिने फोनवर स्वतःचा एक तक्ता केला होता. प्रत्येक सामना ऐंशीव्या मिनिटाला थांबवला असता तर काय झालं असतं, याचा. नॉर्थईस्टशी बरोबरी, एक गुण जास्त. गोव्यावर विजय, दोन गुण जास्त. २७ नोव्हेंबरला बेंगळुरूविरुद्ध मांझोकीच्या गोलवर संघ आघाडीवर होता. ब्याऐंशीव्या मिनिटाला सुनील छेत्रीची पेनल्टी आणि अगदी अखेरीस स्वयंगोल, सामना १–२ असा गेला. तिथे तीन गुण. "पाचाचे अकरा झाले असते," ती म्हणाली. "मग आपण तळाला नसतो."

मला तिचा तक्ता फार आवडला. मी तसं म्हटलंही. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"खेळ नव्वद मिनिटांचा आहे, साहेब. शेवटच्या दहा मिनिटांत एकदा गोल खाल्ला तर नशीब म्हणा. तीनदा खाल्ला, तर पोरं दमतायत. आणि जे पहिले अकरा आहेत त्यांच्या तोडीचे मागे बाकावर कोणी नाहीत. तिने केलाय तो दुबळेपणाचाच तक्ता, फक्त तिला तो आशेचा वाटतोय."

मुलगी हिरमुसली नाही. तिने पुढचा आकडा काढला. बारा सामन्यांत गोल पाच. एकाही सामन्यात दोन गोल नाहीत, आणि पाचांतले दोन पेनल्टीचे. यावर मात्र सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मध्यरक्षक चेंडू पुढे नेतात, गोमेझ आणि उझबेकिस्तानचा कासिमोव खेळ छान रचतात, पण गोलच्या तोंडाशी कोणी नसतं, असं कंडक्टरदादांचं म्हणणं. पिशव्या कापणाऱ्या पोराला ते पटेना. तो म्हणाला, "गोलच्या तोंडाशी कोणी नसतं म्हणता, ईस्ट बंगालच्या मॅचला तर समोर अडवायलाही कोणी नव्हतं!"

९ नोव्हेंबरचा तो सामना मीही टीव्हीवर पाहिला होता. ईस्ट बंगालचा मोसम तोवर आमच्यापेक्षाही वाईट चालला होता, सहा सामन्यांत शून्य गुण. अर्ध्या तासाच्या आतच त्यांच्या दोन खेळाडूंना लागोपाठ लाल कार्ड मिळालं. त्यांचे नऊ, आमचे अकरा, आणि तासाभराचा खेळ शिल्लक. एक गोल झाला नाही. ०–०. ईस्ट बंगालने त्या एका गुणाचा असा आनंद केला की कोण किती माणसांनिशी खेळत होतं असा प्रश्न पडावा. "त्यांनी नऊजणांत बचाव केला," चाचा म्हणाले, "आपण अकराजणांत घाई केली." वहीत त्यांनी तसंच लिहिलं होतं, एक शब्द, 'जल्दबाज़ी'.

मग मी ती चूक केली. मी म्हटलं, "१९३४ साली..."

कंडक्टरदादा हसायला लागले. नातीने डोळे मिटले. चाचांनी वही बंद केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, या चहाच्या दुकानापाशी ते साल काढायचं नाही, असं आमचं ठरलंय. समदसाहेब खेळायला येणार नाहीत. आत्ता जी पोरं खेळतायत, त्यांच्यातलं कोणी मिझोरामचं, कोणी मणिपूरचं, कोणी घानाचं, कोणी अर्जेंटिनाचं. त्यांनी कोणी तो फोटो लहानपणी घरात पाहिलेला नाही. त्यांच्या पायात आपण ते साल कशाला बांधायचं?"

मला ओशाळल्यासारखं झालं. ते १९३४ मी तरी कुठे पाहिलं होतं? मला ते फुकट मिळालं होतं आणि मी ते खुशाल या पोरांच्या नावावर खर्च करत होतो.

वातावरण हलकं करायला मी वही पाहायला मागितली. चाचांनी दिली. सुबक अक्षर, उजवीकडून डावीकडे आखलेले रकाने. तारीख, समोरचा संघ, गोल, मिनिट. शेवटच्या रकान्यावर एकच शब्द होता, 'हम'. म्हणजे आपण.

मी विचारलं, हे काय? नातीने समजावलं. संघाचा हिशेब करायचा तर आपलाही करायचा, असा नानांचा नियम. प्रत्येक सामन्याला आपण, म्हणजे चाहत्यांनी, काय केलं ते त्या रकान्यात. पहिल्या सामन्यापुढे लिहिलं होतं, 'हाज़िर, आवाज़ बुलंद'. २६ ऑक्टोबरला हैदराबादने घरच्या मैदानावर ०–४ हरवलं, त्यापुढे लिहिलं होतं, 'आधे'. अर्धे लोक खेळ संपायच्या आत उठून गेले होते. कोचीच्या सामन्यापुढे होतं, 'दूसरे गोल पर टीवी बंद किया'. मी वर पाहिलं. चाचा म्हणाले, "मीच बंद केला. लिहायला नको?"

आणि २० ऑक्टोबरपुढे नुसतं शून्य होतं.

त्या दिवशीही समोर केरळ ब्लास्टर्सच होते, पण सामना कोलकात्यात होता. कासिमोवच्या पेनल्टीने आघाडी घेतलेली, मग दोन गोल खाल्ले. पंचांच्या निर्णयांवरून प्रेक्षक चिडले आणि मैदानात बाटल्या आल्या. खेळ काही काळ थांबवावा लागला. बातमी देशभर गेली. मी ती मुंबईत वाचली होती. आणि का लपवू, ती वाचताना माझा पहिला विचार सामन्याचा नव्हताच. आता लोक काय म्हणतील, हा होता. दुसऱ्या क्लबाच्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या तर ते प्रेक्षक वाईट असतात. आमच्या क्लबाच्या नावामुळे तोच हिशेब भलतीकडे मांडला जातो. हे चूक आहे, पण होतं खरं. त्या चौघांना मी हे बोलून दाखवलं.

पिशव्या कापणारा पोरगा खाली पाहत होता. म्हणाला, "मी फेकली नव्हती. माझ्या शेजारच्याने फेकली."

चाचा म्हणाले, "हात धरलास का त्याचा?"

"नाही."

"मग शून्यच."

"चाचा, दोन महिने झाले. अजून तेच?"

"मोसम अर्धाच झालाय," चाचा म्हणाले. "उरलेल्या मॅचेसना ये. तुझा रकाना भर."

तो पोरगा रोज दहा-बारा तास चामडं कापतो. सामन्याच्या दिवशी संध्याकाळची मजुरी सोडून मैदानावर जातो. त्याने मला सांगितलं की संघ हरला की दुसऱ्या दिवशी कारखान्यात, बसमध्ये, गल्लीच्या तोंडाशी त्याला ऐकून घ्यावं लागतं, आणि जे बोलतात त्यांना फुटबॉलमधलं काही कळत असतंच असं नाही. त्याला कप नको होता. 'मधल्या कुठल्या तरी नंबरवर' संघ असावा, म्हणजे कोणी काही बोलणार नाही, एवढंच त्याचं मागणं होतं. तेरा संघांत सातवा-आठवा. इतक्या लहान मागणीची कविता होत नाही. पण माझ्या १९३४ पेक्षा त्याच्या सातव्या नंबराला वजन होतं, हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं.

चहाचे मातीचे कप बदलले गेले. मग चाचांनी मला विचारलं, "तुम्ही किती वर्षांपासून?"

मी कूपरेज सांगितलं, अब्बा सांगितले, १९८४ आणि १९८७ सांगितलं. कंडक्टरदादा खूश झाले. त्यांच्या तोंडून १९८१ निघालं, ते साल काढायला त्यांना बहुधा परवानगी असावी. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि २०१४ साली?"

मी गप्प. मला काही कळलं नाही. नातीने सांगितलं. त्या वर्षी पैशाअभावी मोठा संघच बंद करायची वेळ क्लबवर आली होती. आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, ड्युरंड कप जिंकलेला हा क्लब! हे मला ठाऊकच नव्हतं. सत्याऐंशीनंतर थेट २०२४. मधली छत्तीस-सदतीस वर्षं माझ्या रकान्यात कोरी होती.

"नोकरी होती, संसार होता," मी म्हटलं. ते खरंही होतं.

"असेल ना," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आमच्याकडे ऐंशीव्या मिनिटाला उठून जाणारे असतात, तुम्ही जरा लवकर उठलात. आता आलायत तर बसा."

मनगटावर अब्बांचा हात पडल्यासारखं वाटलं. मी उगाच संत्र्याच्या साली गोळा करायला लागलो.

उठण्याआधी मी विचारलं, उरलेल्या अर्ध्या मोसमात काय होईल? कंडक्टरदादांचं मत होतं की बचाव सुधारला तरी पुरे, गोल न खाता दोन-तीन सामने काढले तर पोरांना धीर येईल. नात म्हणाली, शेवटची दहा मिनिटं. पोरगा म्हणाला, सातवा नंबर. चाचा म्हणाले, तळालाच राहू, पण बरा खेळून तळाला राहणं आणि असं तळाला राहणं यात फरक आहे, आणि तो फरक त्यांना जूनपर्यंत पुरेल. मी कोणाच्या बाजूने बोललो नाही. मला चौघांचंही पटत होतं. चाहत्याचं असंच होतं, तो तास-तास हिशेब करतो आणि शेवटी सगळ्यांचे हिशेब मान्य करून घरी जातो.

पुढचं थोडक्यात. २७ डिसेंबरला ओडिशाशी ०–०. मग नॉर्थईस्टशी ०–०. कंडक्टरदादांचं म्हणणं खरं ठरलं, गोल खाणं थांबलं. ११ जानेवारी २०२५ला बेंगळुरूत, बेंगळुरूच्याच मैदानावर, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कासिमोवने फ्री किकवर गोल केला आणि मोहमेडन १–० जिंकला. चारच दिवसांनी चेन्नईयिनविरुद्ध ०–२ अशी पिछाडी शेवटच्या काही मिनिटांत भरून काढली, २–२. ज्या दहा मिनिटांनी आधी सगळं नेलं होतं, त्याच दहा मिनिटांत परत मिळायला लागलं. नातीने मला फोनवर वहीच्या पानाचं छायाचित्र पाठवलं. बेंगळुरूपुढे 'हम'च्या रकान्यात लिहिलं होतं, 'टीवी चालू'.

मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या जानेवारीत वृत्तपत्रांत यायला लागल्या. संघाला आय-लीग जिंकून देणारे रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह यांनी त्या महिन्याच्या अखेरीस राजीनामा दिला. मेहराजुद्दीन वाडू यांच्याकडे सूत्रं गेली. माझं मत विचाराल तर, दमलेल्या खेळाडूकडून नव्वद मिनिटं मागता येतात, पण ज्याचा पगार थकलाय त्याच्याकडून मागताना मागणाऱ्याने आधी खाली पाहायला हवं. १९३४चे बूट कोणी तरी पैसे देऊनच आणले होते. चाचांच्या वहीत खेळाडूंचा रकाना आहे, चाहत्यांचा आहे. कारभाऱ्यांचा का नाही, असं मी नातीला विचारलं. ती म्हणाली, नाना म्हणतात त्याला वेगळी वही लागेल.

मोसम संपला तेव्हा चोवीस सामन्यांत दोन विजय, सात बरोबरी, पंधरा पराभव. तेरा गुण, बारा गोल, तेरावा नंबर. पहिल्या अर्ध्यात पाच गुण, दुसऱ्या अर्ध्यात आठ. चाचा म्हणत होते तो फरक हाच असेल, तर तो तीन गुणांचा होता.

एक संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. मोहमेडन विरुद्ध मोहन बागान. प्रशिक्षक नुकतेच गेलेले, आठवड्यापूर्वीच मुंबई सिटीकडून ०–३ अशी हार झालेली. मी घरी टीव्हीपुढे बसलो होतो. पहिला गोल झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बायको जेवायला हाक मारून गेली. मुलगा येऊन स्कोअर पाहून काही न बोलता निघून गेला. चौथा गोल झाला तेव्हा रिमोट हातात होता. बटणावर अंगठाही गेला होता. मी रिमोट सोफ्यावर पालथा ठेवला आणि शिट्टी वाजेपर्यंत बसून राहिलो. ०–४.

जेवून झाल्यावर फोन पाहिला. नातीचा निरोप होता, 'नाना विचारतायत, मुंबईत टीव्ही चालू होता का?'

मी लिहिलं, 'चालू होता.'

थोड्या वेळाने पानाचं छायाचित्र आलं. 'हम'च्या रकान्यात चाचांच्या सुबक अक्षरात दोन नोंदी होत्या. वरची त्या पिशव्या कापणाऱ्या पोराची, 'हाज़िर, आख़िर तक'. तिच्याखाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, 'बंबई, बैठे रहे'.